शेजारचे माणूस जाते तेव्हा



आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी हे आपल्याला कोणी ना कोणी शिकवते. ताप आला तर पाणी पाजावे, जखम झाली तर ती स्वच्छ ठेवावी, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण घरातले माणूस दुःखात असेल तर त्याला आधार कसा द्यावा, हे कोणी शिकवत नाही. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवले. पण हा धडा आम्हांस स्वतःला साठी उलटल्यावर शिकावा लागला, आणि तोही एक चूक करून. ती चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून हा धडा लिहिला आहे. नवरा-बायकोने तो मिळून वाचावा.

शेजार म्हणजे काय?

आपले भाऊ-बहीण दूरगावी असतात. लेक सासरी जाते. मुलगा पोटासाठी पुण्या-मुंबईला जातो. पण सकाळी दार उघडले की समोर दिसतो तो शेजारी. रात्री पोटात कळ आली की पहिली हाक जाते ती शेजाऱ्याला. विरजण संपले, पाहुणे आले नि साखर कमी पडली, बाहेर जाताना किल्ली कोठे ठेवायची असा प्रश्न पडला, की आपण शेजारच्या दाराशी उभे असतो. हा शेजार एका दिवसात होत नाही. तो वाटी-वाटीने वाढतो.

आमचे घर वाईला, कृष्णेच्या काठच्या एका जुन्या आळीत आहे. १९८८ साली आम्ही तेथे राहावयास आलो. आमच्या आणि शेजारच्या घराला ओटा एकच. त्या घरात एक बाई राहत. सारी आळी त्यांना आक्का म्हणे. आमच्या पत्नीहून त्या दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पत्नीचे माहेर लांब, सोलापूरकडे. त्यामुळे मुलांची आजारपणे, सणवार, घरातल्या कुरबुरी, सगळ्याला आक्काच. रोज दुपारी चार वाजता दोघी ओट्यावर चहा घेऊन बसत. पाऊस असो, ऊन असो, चारचा चहा चुकला नाही.

आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्यांच्या भांड्यांवर त्यांचे नाव कोरलेले होते. तेवढी अक्षरे त्या बरोबर ओळखत. "हे माझं नाव, आणि ही माझी वाटी," असे म्हणत. त्यांची वाटी आमच्याकडे येई, आमची त्यांच्याकडे जाई. आपल्याकडे दुसऱ्याची वाटी रिकामी परत करीत नाहीत. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. चौतीस वर्षे त्या वाट्या या दारातून त्या दारात जात-येत होत्या.

सुतक नाही, पण दुःख आहे

२०२२ सालच्या श्रावणात आक्का गेल्या. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. गाडी येईपर्यंत प्राण गेला.

आम्ही पुरुष मंडळी कामाला लागलो. कोणी सामान आणले, कोणी नातलगांना फोन केले. आम्ही खांदा दिला. घाटावर गेलो, चिता पेटलेली पाहिली, परत येऊन अंघोळ केली. मनाला लागले, पण डोळ्यांदेखत निरोप झाला होता.

आमच्या पत्नीचे काय झाले? बायका घाटावर जात नाहीत. ती दारापर्यंत गेली आणि तेथेच थांबली. मग घरात वळली, कारण तिला स्वयंपाक करायचा होता. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारच्या घरून पिठलं-भात जातो. तो तिने केला. पुढे तेरा दिवस पाहुण्यांचा चहा, भांडी, पाणी, मुलांची झोपायची सोय, सगळीकडे ती होती. तेरा दिवसांत तिला रडायलासुद्धा सवड मिळाली नाही. तेरावा झाला. पाहुणे गेले. घर शांत झाले. आणि चौदाव्या दिवशी दुपारी चार वाजता तिचे खरे दुःख सुरू झाले.

आता रूढी पाहा. सुतक असते ते भाऊबंदांना. बहुतेक घरांत दहा दिवस, काही घरांत तेरा दिवस. चार वर्षांत एकदाही न आलेल्या पुतण्याला सुतक आहे. रोज चार वाजता बरोबर चहा पिणाऱ्या शेजारणीला सुतक नाही. नातलगांचे लोक सांत्वन करतात. शेजारणीला कोणी विचारत नाही. उलट लोक तिलाच विचारतात, "त्यांच्याकडचे सगळे कसे आहेत हो?"

आम्ही रूढीला नावे ठेवत नाही. रूढी रक्ताचे नाते मोजते. मायेचे नाते तिला मोजता येत नाही. ते काम घरच्या माणसाने करावयाचे असते. शेजारणीच्या दुःखाला बाहेर कोठे जागा नसते. म्हणून तिच्या नवऱ्याने घरात तिला ती जागा करून द्यावी. शेजारी गेलेल्या नवऱ्यासाठी बायकोने ती करावी. या धड्याचे सार एवढेच आहे.

ही गोष्ट आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील एक अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखावर पुस्तक काढले. त्यांच्या सांगण्याचा अर्थ असा, की ज्या दुःखाला समाज मान देत नाही, ते माणसाला लपवावे लागते. लपवलेले दुःख अधिक जड होते.

आमची चूक

आक्का जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांच्याकडून अळूची भाजी आली होती. ती वाटी घासून आमच्या फळीवर ठेवलेली होती. पत्नी ती वापरत नव्हती आणि परतही करत नव्हती. आम्हांस वाटले, वाटी डोळ्यांसमोर राहिली तर हिला आठवण येत राहील. आम्ही पडलो शिस्तीचे. पंधराव्या दिवशी आम्ही ती वाटी उचलली आणि आक्कांच्या सुनेच्या हातात देऊन आलो.

संध्याकाळी पत्नीने फळीकडे पाहिले. विचारले, "वाटी कुठं आहे?"

"देऊन आलो. त्यांचीच होती ना?"

"रिकामी दिलीत?"

आम्ही गप्प बसावयास हवे होते. पण आम्ही म्हणालो, "अगं, आपल्याला सुतकसुद्धा नव्हतं. त्यांच्या घरचे सावरले. तू किती दिवस धरून बसणार?"

ती म्हणाली, "तुम्ही घाटावर जाऊन आलात. मी कुठं गेले?"

मग दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. आम्हांस राग आला नाही, कारण तिचे म्हणणे खरे होते. आम्हांस निरोप मिळाला होता. तिच्याजवळ निरोपाची म्हणून एक वाटी होती. तीही आम्ही तिला न विचारता देऊन टाकली, आणि तीही रिकामी.

आम्ही काय केले

तिसऱ्या दिवशी आम्ही तिला सांगितले, "मी चुकलो. तुझं माणूस गेलं, हे मला कळायला हवं होतं." एवढेच बोललो. कारण सांगितले नाही. तिने डोळ्यांना पदर लावला. पण त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

पुढे जे केले ते क्रमाने सांगतो. यात अवघड काही नाही.

पहिली गोष्ट, रिकामी वेळ ओळखावी. दुःख दिवसभर सारखे नसते. गेलेल्या माणसाबरोबर जी वेळ जात होती, त्या वेळी ते दाटून येते. आमच्या घरी ती वेळ चारची. आम्ही चार वाजता चहा करून ओट्यावर नेऊ लागलो. पहिल्या दिवशी चहापत्तीचा डबा कोणता हेही आम्हांस ठाऊक नव्हते. पत्नी म्हणाली, "तुम्हांला आक्कांसारखं बोलता येणार नाही." आम्ही म्हणालो, "बोलणार नाही. नुसता बसतो." आठ-दहा दिवस आम्ही नुसते बसलो. गेलेल्या माणसाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही, आणि घेऊ पाहूही नये. पण त्या जागेजवळ बसता येते.

दुसरी गोष्ट, ऐकावे. एकदा ती बोलू लागली की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. मोठ्या मुलाला गोवर आला तेव्हा आक्का रात्रभर कशा बसल्या, हे आम्ही किती वेळा ऐकले असेल! "हे तू कालच सांगितलंस," असे म्हणू नये. पाढा पाठ होईपर्यंत मूल तो पुन्हा पुन्हा म्हणते. दुःखाचेही तसेच आहे. पुन्हा पुन्हा सांगून ते माणसाच्या अंगवळणी पडते.

तिसरी गोष्ट, गेलेल्या माणसाचे नाव टाळू नये. पुष्कळांना वाटते, नाव काढले तर रडू येईल. रडू येऊ द्यावे. घरात नावच निघाले नाही, तर दुःखी माणसाला वाटते, सगळे विसरले, मी एकटीच उरले.

चौथी गोष्ट, वस्तूंना हात लावू नये. वाटी, शाल, चष्म्याचे घर, एखादे रोपटे, वस्तू लहान असली तरी तिची किंमत आपल्याला कळत नाही. काय ठेवायचे नि काय द्यायचे, हे ज्याचे दुःख त्याने ठरवावे.

पाचवी गोष्ट, घरकामाचा वाटा उचलावा. दुःखाने अंगातले बळ जाते. झोप लागत नाही, भूक मरते, भाजीत मीठ घातले की नाही हे आठवत नाही. पत्नीला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. त्या दिवसांत ती दोनदा चुकली. तेव्हापासून गोळी आणि पाण्याचा पेला आम्ही हातात देऊ लागलो. पाणी भरणे, भाजी निवडणे, दळण आणणे ही कामेही घेतली. "काही लागलं तर सांग," असे म्हणून सुटका करून घेऊ नये. दुःखी माणूस सांगत नाही. काम दिसेल ते उचलावे.

काय बोलू नये

काही वाक्ये चांगल्या मनाने बोलली जातात, पण ती टोचतात. "वय झालं होतं, सुटल्या बिचाऱ्या." "देवाची इच्छा." "आता झालं गेलं विसर." "आपल्या का नात्यातल्या होत्या?" "दुसरी मैत्रीण कर." ही वाक्ये टाळावी. वय झालेले माणूस गेले म्हणून त्याची जागा कमी रिकामी होत नाही.

मग काय बोलावे? "मलाही त्यांची आठवण येते." "आज कसं वाटतंय?" "चल, दोघं घाटापर्यंत जाऊन येऊ." एवढे पुरे. शब्द सापडला नाही तर गप्प बसावे. गप्प बसणे हीसुद्धा सोबत असते.

आम्ही तिला घेऊन एका सकाळी घाटावर गेलो. पावसाळ्याने कृष्णा भरून वाहत होती. तिने पाण्यात फूल सोडले आणि हात जोडले. परतताना म्हणाली, "आता मी पण येऊन गेले."

पुरुषाचे दुःख

दुःख बायकांनाच होते असे नाही. पुरुषाचे दुःख लवकर ओळखू येत नाही, इतकेच.

आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. त्यांच्या बांधाला बांध लागून असलेला शेजारी वारला. रात्रीची वीज आली की दोघे जोडीने पिकाला पाणी द्यायला जात. शेजारी गेल्यावर यांनी डोळ्यांतून टिपूस काढले नाही. पण पाण्याची पाळी आली की चिडत. मुलांवर ओरडत. जेवणाचे ताट सरकवून देत. बायकोने वेळ ओळखली. एका रात्री तिने बॅटरी घेतली नि म्हणाली, "आज मी येते." दोघे बांधावर बसली. पहिल्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री म्हणाले, "इथंच बसून आम्ही तंबाखू मळायचो." आणि मग लहान मुलासारखे रडले.

पुरुषाचे दुःख कधी रागातून बाहेर पडते, कधी दारूकडे वळते. बायकोने "यांना काय झालंय?" असे म्हणून सोडून देऊ नये. "तुम्हांला त्यांची आठवण येते ना?" असे एकदा विचारून पाहावे.

शेजारच्या घराला विसरू नये

दुःखी माणसाला उपयोगाचे काम मिळाले तर त्याला बरे वाटते. पण ते काम गेलेल्या माणसाशी जोडलेले असावे. आमच्या घरी ते सहज घडले.

मृत्यूची नोंद करावी लागते. तसा १९६९ सालचा कायदा आहे. मृत्यू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत खबर द्यावी. उशीर झाला तर विलंब शुल्क पडते, आणि फार उशीर झाला तर खटपट वाढते. खेड्यात नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत. मृत्यू रुग्णालयात झाला तर खबर रुग्णालय देते. घरी झाला तर घरच्यांनी द्यावी. मृत्यूचा दाखला बँकेच्या खात्यासाठी लागतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लावतानाही तो लागतो.

अठरावा दिवस उजाडला तरी आक्कांची नोंद झाली नव्हती. त्यांचा मुलगा कागद घेऊन आमच्याकडे आला. त्यात आक्कांच्या आई-वडिलांचे नाव विचारले होते. वडिलांचे नाव मुलाला ठाऊक होते. आजीचे नाव त्याला आठवेना. आमची पत्नी आतून बाहेर आली. तिने नाव सांगितले. आक्कांचे जन्मगाव सांगितले. कोणत्या वर्षी लग्न होऊन त्या वाईला आल्या, तेही सांगितले. चौतीस वर्षे ओट्यावर बसून ऐकलेले तिला सारे पाठ होते. मुलगा म्हणाला, "काकू, आईचं इतकं मलासुद्धा माहीत नव्हतं."

सुतक नसलेल्या आमच्या पत्नीला त्या दिवशी आपले नाते कोणीतरी मानले असे वाटले. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दुःख हा आजार नाही. ते दिवस मोजून संपत नाही. कोणाला दोन महिने लागतात, कोणाला वर्ष. मध्येच बरे वाटते आणि सणावाराला पुन्हा दाटून येते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

परंतु काही खुणा दिसल्या तर थांबू नये. अन्नपाणी सुटले, कित्येक रात्री झोप नाही, अंघोळ-कपड्यांकडे लक्ष नाही, "मलाही आता जगायचं नाही" असे बोलणे निघू लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. अशा बोलण्याला "उगाच म्हणते" असे म्हणू नये. माणसाला एकटे ठेवू नये. सहा महिने उलटून गेले तरी दुःखाची धार तसूभरही कमी होत नाही आणि रोजचे व्यवहार अडतात, अशी स्थिती असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत तिला आजार म्हटले आहे. त्यावर उपचार आहेत.

जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर भेटू शकतात. भारत सरकारने २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट लागतो, दिवसा-रात्री केव्हाही करता येतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

वाटी परत आली

त्या वर्षी दिवाळी आली. दुःखाच्या घरी वर्षभर सण करीत नाहीत, तळण तळीत नाहीत. शेजारपाजारचे फराळ नेऊन देतात. पत्नीने चकल्या केल्या, करंज्या केल्या. ताट भरले. आम्ही म्हणालो, "मी नेऊन देऊ का?" ती म्हणाली, "दोघं जाऊ."

आक्कांच्या सुनेने ताट आत नेले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती वाटी होती. वाटीत साखर होती. ती म्हणाली, "काकू, ही तुमच्याकडेच राहू दे. आई असत्या तर रिकामी घेतली नसती, आणि रिकामी दिलीही नसती."

वाटी आता आमच्या फळीवर आहे. कधी ती शेजारी जाते, कधी परत येते. चार वाजता आम्ही दोघे ओट्यावर बसतो. कधी कधी आक्कांची सूनही येऊन बसते. आमच्या पत्नीला अजूनही आठवण येते. ती आली की ती सांगते, आणि आम्ही ऐकतो.

लक्षात ठेवा

१. शेजारच्या माणसाचे सुतक नसते, पण दुःख असते.
२. दुःखी जोडीदाराला सल्ला कमी द्यावा, सोबत जास्त द्यावी.
३. गेलेल्या माणसाचे नाव घरात निघू द्यावे.
४. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी.
५. जगणे नको असे कोणी म्हणाले, तर लगेच मदत घ्यावी.

शब्दांचे अर्थ

शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
सांत्वन – दुःखी माणसाला धीर देणे
रूढी – पूर्वीपासून चालत आलेली रीत
विलंब – उशीर
वारस – मेलेल्या माणसाच्या मिळकतीवर ज्याचा हक्क पोचतो तो

अभ्यास

१. आक्कांच्या भांड्यांवर काय कोरलेले होते? तुमच्या घरच्या भांड्यांवरची नावे वाचून पाहा.
२. मास्तरांची चूक कोणती झाली? त्यांच्या जागी तुम्ही काय केले असते?
३. तुमच्या शेजारच्या पाच माणसांची नावे वहीत लिहा. त्यांनी तुम्हांला केव्हा मदत केली, ते प्रत्येकी एका ओळीत लिहा.
४. तुमच्या शेजारचे, आज हयात नसलेले एखादे माणूस आठवा. त्याच्याविषयी आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला एक आठवण सांगा.